ठाण्याहून एका दिवसाची वारी: पुणे ते सासवड पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी

ज्येष्ठ महिना लागला की कळव्याच्या आमच्या सोसायटीत, ऑफिसात, लोकलच्या डब्यात कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, एक दिवस तरी वारीत चालायचंय, कसं जायचं?" आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायला अठरा-वीस दिवस लागतात. नोकरी, मुलांच्या शाळा, घरातली म्हातारी माणसं यांतून तेवढे दिवस काढणं बहुतेकांना जमत नाही. मलाही जमलेलं नाही. पण ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीसोबत पुणे ते सासवड हा एका दिवसाचा टप्पा मी पाच वेळा चालले आहे. पहिल्या वर्षी नीट सांगणारं कुणी नव्हतं. पायाला फोड आले, दुपारी जवळचे सुटे पैसे संपले आणि रात्री परतीची गाडी मिळाली नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

हा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि शेवटाकडे दिवे घाट चढायचा आहे. माऊलींच्या वाटेवरच्या लांब आणि दमवणाऱ्या टप्प्यांपैकी हा एक. तरी घरकाम आणि नोकरी करणारी साधी माणसं तो चालून जातात, साठी-सत्तरीच्या आज्या चालून जातात. त्यांचं रहस्य एवढंच की त्या दिंडीच्या पावलाने चालतात. तुम्हीही तेवढं एक धरलंत तर बाकीचं निभावतं.

१. तारीख आधी पक्की करा

माऊलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, दुसऱ्या दिवशी पुण्यात येते, भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात दोन मुक्काम करते आणि मग पहाटे सासवडकडे निघते. बहुतेक वर्षी हा दिवस योगिनी एकादशीच्या सुमारास येतो. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते आणि तिथीची वृद्धी-क्षय असेल तर एक दिवस इकडेतिकडे होतं. त्यामुळे नुसत्या कॅलेंडरवर विसंबू नका. आळंदीचं संस्थान पूर्ण वेळापत्रक जाहीर करतं, वर्तमानपत्रांत ते छापून येतं. ते बघूनच रजा टाका.

रजा दोन दिवसांची टाका. चालण्याचा दिवस आणि त्याच्या नंतरचा. दुसऱ्या दिवशी ठाणे स्टेशनचा जिना उतरताना का ते कळेल.

इथे एक गफलत नेहमी होते. तुकोबांची पालखी देहूहून येते आणि नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते. दोन्ही पालख्या एकाच दिवशी पुणे सोडतात आणि हडपसरपर्यंत एकाच रस्त्याने जातात. पुढे तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जातात आणि माऊली सासवड रस्त्याला वळतात. गर्दीत न बघता चालत राहिलात तर भलत्याच वाटेला लागाल. मैत्रिणीला "पालखीजवळ भेटू" असं सांगत असाल तर कोणती पालखी तेही सांगा.

२. दिंडी शोधा, एकट्याने निघू नका

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे आहे. वारीत दिंडीशिवाय चालणाऱ्यांना मोकळा समाज म्हणतात. मोकळ्या समाजात चालायला बंदी नाही, हजारो लोक चालतात. पण पहिल्या खेपेला दिंडी हवी. दिंडीत पाण्याचा टँकर असतो, जेवणाची सोय असते, मागे राहिलात तर विचारणारं माणूस असतं. आणि टाळ-पखवाजाच्या ठेक्यात तीन तास कसे जातात ते कळतही नाही. एकटं चालताना तेच तीन तास संपता संपत नाहीत.

ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांना दिंडी शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्याकडच्या आगरी-कोळी गावांत वारकरी संप्रदाय घराघरांत आहे. कोपरखैरणे, घणसोली, दिवा, भिवंडीकडची गावं, पनवेल-उरणचा पट्टा, कुठेही विठ्ठल मंदिरात हरिनाम सप्ताह होतो. तिथे जाऊन वारीला जाणाऱ्या माणसाबद्दल विचारा. माळकरी माणूस पत्ता सांगितल्याशिवाय राहत नाही. मला दिंडी मिळाली ती कोपरखैरण्याच्या माझ्या जाऊबाईंच्या शेजारच्या काकांमुळे. ते गेली कित्येक वर्षं पूर्ण वारी करतात. मी त्यांना फोनवर म्हटलं, "काका, मला एकच दिवस जमेल, चालेल का?" ते म्हणाले, "एक दिवस या, नाहीतर एक पाऊल या. माऊली दिवस मोजत नाही."

पुण्यात नोकरी करणारे नातेवाईक असतील तर आयटी दिंडीचीही चौकशी करा. नोकरदारांची ही दिंडी आळंदी-पुणे आणि पुणे-सासवड अशा टप्प्यांना चालते. नवख्यांना ती सोयीची पडते, नावनोंदणी मात्र वेळेत करावी लागते.

दिंडीप्रमुखांना आधी तीन गोष्टी विचारा. दिंडीचा क्रमांक काय आणि ती रथापुढे आहे की रथामागे? एका दिवसाची भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, किती द्यायची? आणि पहाटे नेमकं कुठे जमायचं? क्रमांक पाठ करा. रथापुढे २७ दिंड्या असतात, मागे शेकडो. "आमची दिंडी पिवळ्या पताकेची" या खुणेवर तुम्हाला कुणीही तुमच्या माणसांत पोहोचवू शकणार नाही. "रथामागे अमुक नंबर" म्हटलंत की रस्त्यातला कुठलाही वारकरी हात करून दिशा दाखवेल.

भिशी घेत नाहीत म्हणाले तर तेवढ्याचा शिधा द्या. साखर, शेंगदाणे, चहापत्ती. आदल्या दिवशी न्या, चालताना कुणाच्या हातात पिशव्या देऊ नका.

३. पायांची तयारी, किमान महिनाभर आधी

एकदम तीस किलोमीटर चालू नका. पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच किलोमीटर, मग वाढवत दर रविवारी बारा, पंधरा, अठरा असं न्या. एकदा सलग वीस झाले की सासवडची भीती बाळगायचं कारण नाही.

ठाण्यात तलावपाळीला फेऱ्या मारून सपाटीची सवय होते, पण घाटाची होत नाही. त्यासाठी उपवनहून येऊरचा चढ चढा. नवी मुंबईकरांनी बेलापूरची पारसिक टेकडी धरावी. सपाटीसाठी पाम बीच रस्त्याच्या कडेने जाता येतं, पण गाड्यांचा वेग बघता पहाटे एकट्याने नको. सरावाला तीच चप्पल किंवा बूट घाला, जे वारीत घालणार आहात. आणि एकदा तरी भर पावसात चाला. ओल्या मोज्यांत पाय कसा घासतो ते घराजवळ कळलेलं बरं.

नवे बूट घेऊन वारीला जाऊ नका. मी पहिल्या वर्षी आठवडाभर आधी घेतलेले बूट घातले आणि उरुळी देवाचीच्या अलीकडेच दोन्ही टाचांना फोड आले. अनवाणी चालायचा नवस असेल तर वेगळी गोष्ट. पण सवय नसताना पुण्याच्या डांबरावर अनवाणी निघू नका, पाऊस नसेल तर अकरा वाजता रस्ता पोळतो.

मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास, गुडघ्याचं ऑपरेशन यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि त्यांचं ऐका. अशांनी पूर्ण टप्पा न करता हडपसरपासून किंवा थेट वडकीपासून चालावं. त्यात कमीपणा मानायचं काही नाही.

४. पिशवीत काय हवं

पाठीवरची छोटी पिशवी घ्या, भरून चार किलोच्या वर जाऊ देऊ नका.

- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली एक चिठ्ठी: नाव, रक्तगट, घरच्या दोघांचे फोन, चालू औषधं, दिंडी क्रमांक
- रोख पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. गर्दीने नेटवर्क बसतं आणि फोनवरून पैसे जात नाहीत. परतीच्या गाडीचे पैसे वेगळ्या खिशात
- पाण्याची बाटली, एक लिटरची. मोठी नको, वाटेत भरत राहा
- इलेक्ट्रॉलसारख्या ओआरएसची चार पाकिटं
- दोन जादा मोजे, छोटा पंचा, व्हॅसलीन, मायक्रोपोर चिकटपट्टी, कापूस
- रेनकोट किंवा डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी प्लॅस्टिकची खोळ. छत्री आणू नका, दिंडीत ती मागच्याच्या डोळ्यात जाते
- टोपी किंवा उपरणं
- चार्ज केलेली पॉवर बँक
- बायकांनी पाळी जवळ नसली तरी पॅड आणि कागदी साबण
- स्वतःची गोळ्या-औषधं, एका दिवसाऐवजी दोन दिवसांची

सोनं घरी ठेवा. मंगळसूत्रसुद्धा साध्या मण्यांचं घाला. गर्दीत हात मारणारे येतात आणि भजनात रंगलेल्या माणसाच्या गळ्याकडे त्यांचं बरोबर लक्ष असतं.

कुणी म्हणेल की पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये टाका. मोठी पिशवी टाका, पण औषध, पैसे, पाणी आणि खोळ अंगावरच हवी. ट्रक पुढे निघून जातो, तो संध्याकाळी सासवडच्या तळावरच भेटतो.

५. आदल्या संध्याकाळी पुणे गाठा

पालखी सकाळी सहाच्या सुमारास हलते. ठाण्याहून त्या दिवशीची कुठलीही सोयीची गाडी तुम्हाला वेळेत पोहोचवत नाही. आदल्या दुपारीच निघा. ठाण्याच्या वंदना आगारातून स्वारगेटला एसटी मिळते, नवी मुंबईकरांना वाशी, नेरूळ, कळंबोलीहून गाड्या आहेत. रेल्वेने गेलात तर पुणे स्टेशनहून भवानी पेठ जवळच आहे, पण त्या दोन दिवसांत पेठांचे रस्ते बंद असतात. शेवटचे दोन किलोमीटर चालायची तयारी ठेवा.

राहायला नातेवाईक असतील तर उत्तम. नसतील तर दिंडी जिथे उतरली आहे तिथेच झोपा. महापालिकेच्या शाळा, मंगल कार्यालयं, वाडे, सगळीकडे दिंड्या उतरतात. सतरंजीवर, शंभर माणसांत झोपावं लागेल. झोप कमी होईल हे गृहीत धरून रात्री नऊला आडवे व्हा.

६. पहाट: भवानी पेठ ते हडपसर

साडेतीनला उठा. पाण्याच्या टँकरशी रांग लागायच्या आत अंघोळ उरकते. पायाच्या बोटांमध्ये आणि टाचेला व्हॅसलीन चोळा, जिथे सरावात घासलं होतं तिथे मायक्रोपोर लावा, मग मोजे. हे पाच मिनिटांचं काम दिवसभर साथ देतं.

निघण्याआधी तीनदा कर्णा वाजतो. पहिल्याला सामान आवरायचं, दुसऱ्याला दिंडीत उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांची. शिंद्यांच्या दरबारातला हा माणूस, त्यांनी १८३२ च्या सुमारास पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं. दिंड्यांचा क्रम, चोपदार, घोडे, तंबू यात लष्करी घडी दिसते ती म्हणूनच. तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच की तिसऱ्या कर्ण्याला तुम्ही चहाच्या टपरीवर असलात तर दिंडी थांबत नाही.

भवानी पेठ ते हडपसर गाडीतळ हे आठ-नऊ किलोमीटर पूर्ण सपाट आहेत. वाटेत शिंदे छत्रीपाशी माऊलींची आरती होते. दोन्ही बाजूंना पुणेकर उभे असतात, कुणी चहा देतं, कुणी राजगिऱ्याचे लाडू. अंग ताजं असतं, ढग असतात, आणि इथेच नवखी माणसं भराभर चालून मोकळी होतात. हडपसरला नऊला पोहोचून बसायचं आणि मग पाय आखडायचे, हे मी दरवर्षी कुणाचं तरी बघते. विणेकऱ्याच्या मागे राहा. पाय शिवशिवले तरी राहा.

७. दिंडीत कसं वागायचं

पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाजी, त्यांच्या मागे विणेकरी, आणि मागे तुळशीवृंदावन नि पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या बायका. प्रत्येक दिंडीत थोडाफार फरक असतो. तुम्ही सगळ्यांच्या मागे लागा. कुणी पुढे बोलावलं तरच जा.

रांगा तोडून आडवं जायचं नाही. वीणा चालू असताना विणेकऱ्याला ओलांडायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचंही नाही. वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तो क्षण दिसला तर बाजूला उभं राहून बघा, दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वयाचा, जातीचा, हुद्द्याचा हिशोब तिथे नसतो. समोरचा तुमच्या पाया पडला तर तुम्हीही वाका, मागे सरू नका. हाक मारायची ती "माऊली" म्हणून. पाय लागला, धक्का लागला, वाट हवी आहे, पाणी हवं आहे, सगळ्याला तो एकच शब्द पुरतो.

अभंग पाठ नसतील तर काळजी करू नका. सकाळी मंगलाचरण, मग वासुदेव, आंधळे, पांगुळ, पुढे गौळणी, दुपारनंतर हरिपाठ असा दिवसाचा क्रम असतो. ध्रुपद दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तोंडात येतं. टाळ हातात दिले तर आधी नुसता ठेका धरा. टाळ दिसतात त्याहून जड असतात, अर्ध्या तासात मनगट भरून येतं. परत दिले तर कुणी रागावत नाही.

फोटो काढा, पण दिंडीच्या बाहेर येऊन. समोरून उलटं चालत व्हिडिओ काढू नका, मागून माणसं येत असतात. अंघोळ करणाऱ्या, झोपलेल्या, पाय चेपणाऱ्या वारकऱ्यांचे फोटो कृपा करून काढू नका. आपल्या घरातल्या आईचा तसा फोटो कुणी काढलेला आपल्याला चालणार नाही.

रथाजवळ घुसू नका. दर्शनाची ओढ मला कळते, मलाही होते. पण रथाला बैल असतात, दोरखंड असतो आणि लोट मागून येतो. चालताना हात जोडा. पादुकांचं दर्शन तळावर रांगेत शांतपणे होतं.

८. हडपसर ते वडकी: दिवसाची खरी परीक्षा

घाटाला सगळे घाबरतात. मला विचाराल तर अवघड आहे तो हा तुकडा. भेकराईनगर, मंतरवाडी, उरुळी देवाची, वडकी. रस्ता लांबलचक, सावली कमी, उन्हं वर आलेली, पुणेकरांची गर्दी मागे राहिलेली, आणि घाट अजून दूर.

दर अर्ध्या तासाला चार घोट पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. दोन बाटल्यांनंतर एक ओआरएस. एकादशी असेल तर वाटेत साबुदाण्याची खिचडी, चिवडा, केळी, शेंगदाण्याचे लाडू प्रेमाने समोर येतात आणि नाही म्हणवत नाही. खिचडी मात्र बेताने खा. तेल आणि मिरची घाटात वर येते. केळं, राजगिरा, थोडे शेंगदाणे यांवर पाय चांगले चालतात. कुणी वाढलेलं नको असेल तर हात जोडून "झालं माऊली" म्हणा. घेऊन रस्त्यात टाकू नका. केळ्याची सालं खिशात कागदात ठेवा, त्या सालींवरून मागचा माणूस पडतो.

शौचालयाचं उघड लिहिते, कारण बायका हे विचारायला लाजतात आणि मग दिवसभर पाणीच पीत नाहीत. ते फार वाईट. फिरती शौचालयं मुक्कामाच्या आणि विसाव्याच्या ठिकाणी उभी असतात, पण रांगा मोठ्या. वाटेतल्या शाळा, पेट्रोल पंप, रस्त्याकडेची घरं यांना विचारा. वारीच्या दिवशी घरातल्या बायका आपणहून दार उघडतात. वडकीला जाऊनच घ्या, कारण पुढे घाटात सोय अशी मिळत नाही.

वडकीला दुपारचा विसावा असतो. इथे बूट-मोजे काढा, पाय पुसा, कोरडे करा, मोजे बदला. पाय वर करून पंधरा मिनिटं पडा. पहिल्या वर्षी मी इथे फोड धरून बसले होते. बाजूला परभणीकडच्या एक आजी होत्या, ओठात तंबाखू, कपाळाला बुक्का. त्यांनी न विचारता माझा पाय मांडीवर घेतला. पिशवीतून जुन्या लुगड्याची मऊ चिंधी काढली, दाताने फाडली, खोबरेल लावून टाचेभोवती दोन वेढे दिले आणि गाठ बरोबर घोट्याच्या पुढे, घासणार नाही तिथे बांधली. "फोडू नका माऊली, ह्येला हवा लागली की जळतंय," म्हणाल्या. ती गाठ सासवडपर्यंत सुटली नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत जुन्या सुती साडीची पट्टी असते. वरच्या यादीत ती घालायची राहिली, तुम्हीही ठेवा.

मळमळ, डोकं हलकं होणं, घाम येणं थांबणं, छातीत दाब असं काही वाटलं तर इथेच थांबा. वाटेत वैद्यकीय पथकं आणि १०८ च्या रुग्णवाहिका असतात. घाटात चढल्यावर गाडी तुमच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. वडकीहून परत फिरलेल्या माणसाचीही वारी घडलेलीच असते.

९. दिवे घाट

साधारण चार-पाच किलोमीटरचा वळणावळणाचा चढ. चढ असा की लहान पावलं टाकली तर दम लागत नाही, मोठी टाकली तर पोटऱ्या भरतात. वर बघत चालू नका, पुढच्याच्या टाचेकडे बघत चाला.

दिंड्या इथे रंगात येतात. पखवाज चढतो, पावली सुरू होते: दोन पावलं पुढे, एक मागे, टाळ डोक्यावर. बघताना वाटतं की अशाने घाट कधी चढणार. पण त्या ठेक्यात सापडलात की शरीराचं ओझं कुठे जातं कळत नाही. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. आधी माऊलींचे दोन अश्व येतात, एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कुणी नाही, तो माऊलींचा. वाट करून द्या आणि मुलांना मागे धरा.

एका वळणावरून खाली बघा. वडकीकडे मस्तानी तलाव दिसतो आणि त्याच्या अलीकडे सगळा घाट माणसांनी भरलेला. पांढरे सदरे, भगव्या पताका, मध्येच तुळशी. हे बघायला थांबायचं असेल तर डोंगराच्या बाजूला थांबा, दरीच्या कठड्यावर बसू नका. कडेच्या टेकाडावर फोटोसाठी चढणारी पोरं दरवर्षी दिसतात. पावसाने तिथली माती आणि दगड सुटलेले असतात, एक घसरला की खालच्या दिंडीवर येतो.

फोन इथे लागत नाही असंच समजा. सोबत्यांना आधीच सांगून ठेवा: चुकामूक झाली तर घाटात शोधायचं नाही, घाटमाथ्यावरच्या विठ्ठलाच्या उंच मूर्तीपाशी एकमेकांची वाट बघायची. आणि तिथेही भेट झाली नाही तर सासवडला दिंडीच्या राहुटीत.

१०. झेंडेवाडी ते सासवड

माथ्यावर वारा सुटलेला असतो. घामाने भिजलेल्या अंगावर तो बसतो, म्हणून लगेच उपरणं घ्या. झेंडेवाडीला विसावा होतो. पुष्कळांना वाटतं, घाट झाला, पोहोचलो. अजून बरंच चालायचं असतं आणि उजेड उतरत असतो. उतारावर गुडघे बोलतात, तिथे घाई नको.

सासवडला पालखी पोहोचायला संध्याकाळ, कधी रात्रही होते. पोहोचल्याबरोबर गाडी शोधायला धावू नका. तळावर समाजआरती होते, ती बघून निघा. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार हातातला चांदीचा दंड वर करतो आणि सगळं शांत होतं. एवढ्या माणसांची अशी शांतता मी दुसरीकडे ऐकलेली नाही. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढीच दिंडी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, तेव्हा ते टाळ थांबतात. मग दिवसभरात सापडलेल्या वस्तू पुकारतात. कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, कुणाची काठी. त्यानंतर आरती. जवळ थोडं त्राण उरलं असेल तर कऱ्हाकाठी सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन घ्या. माऊलींचे ते धाकटे भाऊ.

११. परत ठाण्याला

पहिल्या वर्षी मी एका खासगी गाडीवाल्याला आगाऊ पैसे दिले होते, सासवडला रात्री आठला न्यायला येतो म्हणाला. रस्ते बंद असल्याने तो आलाच नाही. रात्र एका अनोळखी घराच्या ओसरीवर काढली. त्या घरच्यांनी भगर-आमटी वाढली, अंथरूण दिलं, पण घरचे ठाण्यात रात्रभर जागे होते.

दिवे घाट त्या दिवशी वाहनांना बंद असतो. पुण्याकडची वाहतूक बोपदेव घाटाने, कोंढव्यावरून वळवतात. पीएमपीच्या गाड्या कुठून सुटणार आणि शेवटची किती वाजता, हे आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात किंवा पुणे वाहतूक पोलिसांच्या सूचनांत बघून कागदावर लिहून घ्या. गाडी तळापासून लांब उभी असते, तिथवर चालावं लागतं, तेही हिशोबात धरा.

मी आता सरळ दिंडीतच रात्र काढते आणि सकाळी निघते. माऊलींचे सासवडला दोन मुक्काम असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तळ हलत नाही आणि झोप पुरी होते. द्वादशीचं पारणं दिंडीत होतं, मग पुणे, स्वारगेट, ठाणे. स्वतःची गाडी आणणार असाल तर ती पुण्याच्या मध्यभागी किंवा हडपसरला लावू नका, संध्याकाळी तिच्यापर्यंत पोहोचणं हा वेगळाच प्रवास होतो.

१२. घरी आल्यावर

कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवा, पण फोड फुटलेला असेल तर नको. फोड सुईने फोडू नका, वरची कातडी ओढू नका. स्वच्छ धुऊन कोरडी पट्टी बांधा. लाल होऊन ठणकायला लागला, ताप आला किंवा मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लघवी गडद होत असेल तर पाणी कमी पडलंय, दोन दिवस ताक, सरबत, पेज चालू ठेवा. पोटऱ्या दुखतील त्या तिसऱ्या दिवसापर्यंत. तेव्हा सोफ्यावर बसून राहू नका, संध्याकाळी तलावपाळीला एक सावकाश फेरी मारून या.

आणि पावसात भिजलेले बूट वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवा, उन्हात ठेवलेत तर कडक होतात. पुढच्या ज्येष्ठात तेच लागणार आहेत.